रंगून पडले ते झाडूवाला निघून गेला तेव्हाच!

युद्धाचा भोंगा वाजला की सगळे नागरिक सारखे होतात, असे आपल्याला सांगितले जाते. बॉम्ब जात पाहत नाही, धर्म पाहत नाही, गरीब-श्रीमंत पाहत नाही, असेही सांगितले जाते. बॉम्बच्या बाबतीत ते खरे असेलही. पण बॉम्बपासून वाचविण्याची जी व्यवस्था असते तिच्या बाबतीत ते खरे नाही. खंदक कुणाच्या दारात खणायचा, शहर सोडायचा परवाना कुणाला द्यायचा, जहाजावर जागा कुणाला द्यायची आणि सगळे निघून गेल्यावर मागे राहून घाण कुणी उपसायची, हे बॉम्ब ठरवत नाही. हे सरकार ठरवते, आणि सरकारच्या डोक्यात आधीपासून बसलेली समाजव्यवस्था ठरवते.

७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशावरून देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत मॉक ड्रिल झाले. आपल्याकडे मुंबई, उरण, तारापूर ही नावे त्या यादीत वरच्या वर्गात होती. भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे मालवले गेले, जखमींना उचलून नेण्याचा सराव झाला. दूरचित्रवाणीवर दिवसभर त्याचीच चर्चा होती. युद्धाची तयारी सरकारने करू नये असे आम्ही म्हणणार नाही. तयारी केलीच पाहिजे. आमचा सवाल वेगळा आहे. ही तयारी करताना शहर म्हणजे नेमके कोण, असे धरले जाते? इमारती, पूल, बंदर आणि वीजकेंद्र म्हणजेच शहर काय? की शहर रोज पहाटे झाडून, धुऊन, उपसून जगण्यालायक करणारा माणूस म्हणजेही शहर? या सवालाचे उत्तर इतिहासाने एकदा दिले आहे, आणि ते फार महाग पडले आहे. ते उत्तर १९४१-४२ सालच्या रंगूनमध्ये आहे.

रंगून म्हणजे आजचे यांगून. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. त्या दिवशी तो कागदोपत्री वेगळा झाला. पण रंगून शहर चालत होते ते हिंदुस्थानातून गेलेल्या माणसांच्या जिवावरच. १९३१ च्या जनगणनेप्रमाणे रंगूनची लोकसंख्या चार लाखांच्या घरात होती आणि त्यातले दोन लाख बारा हजारांहून अधिक लोक हिंदी होते. ब्रह्मदेशाच्या राजधानीत ब्रह्मी माणसापेक्षा हिंदी माणूस जास्त, असा हा प्रकार होता.

पण 'हिंदी' हा एक शब्द वापरला की फार मोठे सत्य झाकले जाते. या हिंदी लोकांत भातशेती गहाण ठेवून घेणारे चेट्टियार सावकार होते, गुजराती व्यापारी होते, बंगाली वकील आणि कारकून होते. आणि सगळ्यांत खाली गोदीत पोती वाहणारे, रिक्षा ओढणारे, गटारे आणि संडास साफ करणारे मजूर होते. गोदीतले हमाल आणि पालिकेचे झाडूवाले मुख्यतः तेलुगू मुलखातून आलेले, आणि झाडूवाले बहुतेक करून अस्पृश्य जातींतले. बंगालचा उपसागर ओलांडला म्हणून जात बुडाली नाही. गावात जे काम जन्माने वाट्याला आले होते तेच काम परमुलखात पगाराने वाट्याला आले, एवढाच फरक. रंगूनच्या मध्यवर्ती भागात घरांच्या दोन रांगांमध्ये मागच्या बाजूने अरुंद गल्ल्या ठेवलेल्या होत्या. घाण त्या गल्लीत पडायची आणि ती साफ करणारा माणूसही त्याच गल्लीतून यायचा-जायचा. शहराच्या दर्शनी रस्त्याशी त्याचा संबंध फक्त झाडण्यापुरता.

हे मजूर राहत कुठे? लॉजिंग हाउस म्हणून परवाना दिलेल्या चाळींमध्ये. एकेका खोलीत माणसे अक्षरशः ओळीने निजायची. काही जण रात्री निजायचे, काही जण रात्रपाळी करून दिवसा त्याच जागेवर निजायचे. हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात ब्रह्मदेशाचाही विचार केला आणि रंगूनमधल्या या कोंदट वस्तीची दखल घेतली. म्हणजे युद्धाच्या दहा वर्षे आधी सरकारला सगळे ठाऊक होते. मे १९३० मध्ये गोदीतल्या तेलुगू मजुरांनी संप केला, मालकांनी ब्रह्मी मजूर आणून तो मोडू पाहिला, आणि पुढे संप मिटताच दंगल उसळून शंभराहून अधिक माणसे मारली गेली. १९३८ मध्ये पुन्हा दंगली झाल्या. मालकाने ज्याला वापरले, शेजाऱ्याने ज्याला परका मानले आणि सरकारने ज्याला मोजले नाही, असा हा माणूस होता. युद्ध आले ते त्याच्या डोक्यावर.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत जपानी फौजा ब्रह्मदेशाच्या दक्षिण टोकाला पोचल्या होत्या. रंगूनचे महत्त्व सगळ्यांनाच कळत होते. चीनला जाणारी अमेरिकन मदत याच बंदरात उतरत होती आणि पुढे ब्रह्मी रस्त्याने जात होती. म्हणून रंगूनच्या बचावाची तयारी सुरू होती. ए. आर. पी.चे वॉर्डन नेमले होते, भोंगे बसवले होते, ब्लॅकआउटचे नियम काढले होते, खंदक खणले होते. शहर नदीकाठच्या सखल जमिनीवर वसलेले, जरा खोल खणले की पाणी लागणारे. तेव्हा जमिनीखालच्या मोठ्या निवाऱ्यांची आशा नव्हती. ज्याच्याकडे मोटार होती, मेम्यो किंवा मंडालेला ओळख होती, त्याने बायकामुलांची सोय लावली. ज्याच्याकडे चाळीतली साडेतीन हात जागा होती त्याने काय करायचे, याचे उत्तर त्या तयारीत नव्हते.

२३ डिसेंबर १९४१ रोजी भर दिवसा जपानी विमाने आली. भोंगे वाजले. पण लोक रस्त्यावर उभे राहून वर पाहत होते. एवढी विमाने त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. गोदी, रेल्वे स्थानक आणि गजबजलेले रस्ते यांवर बॉम्ब पडले. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. पण त्या एका दिवसात सुमारे दोन हजार माणसे मेली असे मानले जाते. मेली ती मुख्यतः रस्त्यावरची माणसे, म्हणजे हमाल, रिक्षावाले, फेरीवाले. दोन दिवसांनी, नाताळच्या दिवशी, दुसरा हल्ला झाला. नागरी संरक्षणाचा नियम कागदावर असून भागत नाही. तो गोदीतल्या हमालाच्या कानापर्यंत त्याच्या बोलीत पोचावा लागतो आणि नियम पाळायला त्याच्याजवळ चार हातांवर निवारा असावा लागतो. या दोन्ही गोष्टी नसतील तर भोंगा म्हणजे फक्त मरण येत असल्याची सूचना.

आणि मग माणसे निघाली. हजारोंच्या संख्येने, पायी, डोक्यावर गाठोडी, काखेत पोरे, प्रोमच्या रस्त्याने उत्तरेकडे. गोदी थंडावली. बाजार बंद पडला, खानावळी बंद पडल्या, दवाखान्यातले नोकर गेले. पालिकेचे झाडूवाले गेले. बंदूक होती, विमाने होती, गव्हर्नर होता, सचिवालय होते. पण प्रेते उचलायला माणूस नव्हता. कचऱ्याचे ढीग साचले, मैला तुंबला, मागच्या गल्ल्या भरल्या. ज्यांच्या स्पर्शाने बाट होतो म्हणून सांगितले गेले ते दूर गेले, आणि मग सगळ्या शहरालाच विटाळ झाला!

त्या वेळचे ब्रह्मदेशाचे गव्हर्नर सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनीही हे मान्य केले. पूर्वेकडील शहराचे जगणे झाडूवाल्यापासून सुरू होते, स्वच्छता आणि रोगराई यांच्यामधला फरक त्याच्या हातात असतो, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. लाटसाहेबांना हे शहाणपण केव्हा सुचले? झाडूवाला निघून गेल्यावर! शहर भरभराटीत असताना हाच माणूस मागच्या गल्लीतून चालत होता तेव्हा त्याच्याकडे पाहायला सचिवालयाची एक खिडकीही उघडली नव्हती. आम्हाला यात गव्हर्नरची थोरवी दिसत नाही. आम्हाला यात एका व्यवस्थेचा कबुलीजबाब दिसतो.

त्यानंतर सरकारने जे केले ते नीट समजून घेतले पाहिजे. मजुरांशिवाय बंदर चालत नाही आणि बंदराशिवाय लढाई चालत नाही, हे कळल्यावर त्यांना परत आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. प्रोमच्या दिशेने गेलेल्यांना अडवले, समजावले, मागे फिरवले. शहराबाहेर छावण्या उभारल्या, म्हणजे दिवसा काम करायचे आणि रात्री बाहेर निजायचे. बरेच जण जानेवारीत परत आलेही. पोट कुणाला सुटले आहे? पण त्याबरोबरच बंदीही आली. जहाजाच्या डेकवरून जाणाऱ्या हिंदी पुरुषांना परवान्याशिवाय देश सोडता येणार नाही, असा निर्बंध घातला गेला. डेकचा उतारू म्हणजे कोण, हे सांगायला नको. केबिनचे तिकीट काढणाऱ्याला हा नियम नव्हता. पैसेवाला नागरिक ठरला, म्हणून त्याला जाऊ दिले. मजूर 'अत्यावश्यक' ठरला, म्हणून त्याला डांबून ठेवले. 'अत्यावश्यक' हा शब्द ऐकायला मोठा मानाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की तुझी गरज आहे, तुझी काळजी नाही.

३१ जानेवारी १९४२ ला मौलमीन पडले. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. २० फेब्रुवारीच्या सुमारास रंगून रिकामे करण्याचे हुकूम सुटले. तुरुंगातले कैदी आणि वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण सोडून दिले गेले. प्राणिसंग्रहालयातली हिंस्र जनावरे गोळ्या घालून मारली गेली. ओस पडलेल्या शहरात लुटालूट आणि जाळपोळ सुरू झाली. ७ मार्चला सिरियमचा तेल शुद्धीकरण कारखाना ब्रिटिशांनी स्वतःच पेटवून दिला आणि ८ मार्च १९४२ रोजी जपानी फौज रंगूनमध्ये शिरली. लष्करी इतिहासकार रंगूनच्या पराभवाची कारणे सांगताना सितांग नदीवरचा पूल, अपुऱ्या पलटणी, कमी विमाने यांचा हिशेब मांडतात. तो हिशेब खोटा नाही. पण शहर म्हणून रंगून पडले ते ८ मार्चला नव्हे. ज्या दिवशी त्याचा झाडूवाला, हमाल आणि रिक्षावाला गाठोडे उचलून चालू लागला त्या दिवशीच ते पडले होते.

पुढची कहाणी रस्त्याची आहे. ब्रह्मदेशातून चार ते पाच लाख हिंदी माणसे हिंदुस्थानाकडे निघाली. काही आराकानच्या डोंगरातून चितगावकडे, काही तमूवरून मणिपूरकडे, काही सगळ्यांत शेवटी हुकॉंग खोऱ्यातून आसामकडे. कॉलरा, मलेरिया, हगवण, भूक आणि मे महिन्यात सुरू झालेला पाऊस. वाटेत मेलेल्यांचे अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. एवढी मोठी तफावत का? कारण मेलेल्यांची नोंद ठेवावी असे कुणाला वाटले नाही. विमानात आणि आगबोटीच्या केबिनमध्ये कोण बसले त्याच्या याद्या होत्या. चिखलात कोण बसले ते पुन्हा उठलेच नाही, त्यांची यादी कोण करणार?

या मरणाच्या वाटेवरही वर्णव्यवस्था होतीच. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी बऱ्या सोयीचा मार्ग आणि हिंदी लोकांसाठी खडतर मार्ग, असा भेद केला जात असल्याचा बोभाटा झाला. 'पांढरा रस्ता' आणि 'काळा रस्ता' हे शब्दच त्या वेळी रूढ झाले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांच्याकडे होते. एप्रिल १९४२ मध्ये अणे आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सरहद्दीवर जाऊन निर्वासितांची हालत पाहिली आणि या भेदाबद्दल आवाज उठवला. तो आवाज योग्यच होता. पण गोऱ्याने काळ्याला वेगळा रस्ता दिला याचा जेवढा संताप देशाला आला, तेवढा संताप काळ्याने काळ्याला पिढ्यान्‌पिढ्या मागची गल्ली दिली याचा कधी आला काय? आणि निर्वासितांसाठी सरहद्दीवर वाटा व छावण्या कुणी उभारल्या? आसामच्या चहामळ्यांतून धाडलेल्या हजारो मजुरांनी, ज्यांत आदिवासींची संख्या मोठी होती. त्यांच्यातलेही कितीतरी तापाने मेले. त्यांची नावे कुठल्या स्मारकावर आहेत?

कुणी म्हणेल, युद्धात असे होणारच. सगळ्या शहरांत असेच झाले. तसे नाही. १९४० सालचे लंडन पाहा. तिथेही शत्रूच्या स्वारीची भीती होती. जर्मन फौजा इंग्लिश खाडीच्या पलीकडे येऊन थांबल्या होत्या. सरकारने घराच्या बागेत पुरायचे पत्र्याचे अँडरसन निवारे वाटले होते. वर्षाला २५० पौंडांच्या आत कमाई असलेल्या कुटुंबांना ते फुकट होते. ऐकायला छान! पण ईस्ट एंडच्या मजूर वस्तीत बाग होतीच कुणाकडे? फुकटचा निवारा पुरायला अंगणच नव्हते. ७ सप्टेंबर १९४० पासून रोज रात्री बॉम्ब पडू लागले ते आधी याच गोदी कामगारांच्या वस्तीवर. भुयारी रेल्वेची स्थानके निवाऱ्यासाठी उघडायला सरकार तयार नव्हते.

मग लंडनच्या मजुरांनी काय केले? १४ सप्टेंबरच्या रात्री स्टेपनीचे नगरसेवक फिल पिराटिन यांच्याबरोबर काही डझन माणसे, त्यांत बायका आणि मुलेही, थेट सॅव्हॉय या बड्या हॉटेलच्या तळघरातील निवाऱ्यात शिरली. श्रीमंतांसाठी गाद्यागिर्द्या आहेत आणि आमच्या पोरांना गटारही नाही, हे त्यांनी साऱ्या जगाला दाखवले. दुसरीकडे हजारो लोक भुयारी रेल्वेचे साधे तिकीट काढून खाली उतरले आणि वर येण्यास त्यांनी नकार दिला. सरकार नमले. २७ सप्टेंबरच्या रात्री एक लाख सत्त्याहत्तर हजार माणसे स्थानकांत निजली होती. मग बिछाने आले, संडास आले, चहा आला. लंडनच्या मजुराजवळ मत होते, संघटना होती, नगरसेवक होता. रंगूनच्या झाडूवाल्याजवळ यातले काय होते? म्हणून एकाने निवारा मिळवला आणि दुसऱ्याने रस्ता धरला. एक माणूस शूर आणि दुसरा भित्रा, असा हा फरक नाही. हा हक्क असलेल्या आणि हक्क नसलेल्या माणसांतला फरक आहे.

आता बाबासाहेबांकडे वळू. आपल्याकडे बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाचा उल्लेख बहुधा कामाच्या आठ तासांपुरता होतो. तो योग्यच आहे. पण त्या काळात ते आणखी एक काम करीत होते, आणि ते रंगूनच्या संदर्भात समजून घेतले पाहिजे. १९४१ मध्ये बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सदस्य झाले आणि जुलै १९४२ मध्ये, म्हणजे रंगून पडल्यावर चार महिन्यांनी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्या वेळी शत्रू आपल्या पूर्व सीमेवर होता. ६ एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडून गेले होते, मद्रासची सरकारी कचेरी आणि जनता शहर सोडून गेली होती. हिंदुस्थानातही अत्यावश्यक सेवांचा १९४१ चा वटहुकूम लागू होता. त्याखाली येणाऱ्या कामगाराने काम सोडून जाणे हा गुन्हा होता. म्हणजे रंगूनमधली अडवणूक इथे कायद्यानेच आली होती.

बाबासाहेबांनी काय केले? १९४३ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात युद्धजन्य इजा (भरपाई विमा) विधेयक मांडले आणि ते मंजूर होऊन त्या वर्षीचा २३ वा कायदा झाले. शत्रूच्या हल्ल्यात कामगार जखमी झाला किंवा मेला तर सरकारी योजनेतून मिळणारी मदत तुटपुंजी होती. तिच्यात आणि कामगार भरपाई कायद्याप्रमाणे मिळाली असती अशा रकमेत जे अंतर होते ते भरून देण्याची जबाबदारी या कायद्याने मालकावर टाकली आणि मालकाला त्यासाठी विमा उतरवणे सक्तीचे केले. कारखाने, खाणी, मोठी बंदरे यांबरोबरच अत्यावश्यक सेवांच्या वटहुकुमाखाली आणलेले कामगारही त्यात घेतले. यामागचा विचार आम्हाला लाखमोलाचा वाटतो. ज्याला तू 'जाऊ नकोस' म्हणतोस, त्याच्या जिवाची जबाबदारी तुझी. कर्तव्य एकाच्या गळ्यात आणि सुरक्षितता दुसऱ्याच्या घरात, हा मनूचा हिशेब बाबासाहेबांनी एका कायद्याच्या कलमांनी उलटवला. ज्यांनी मुंबईतल्या म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला होता त्यांनाच हे सुचू शकत होते. लाटसाहेबाला झाडूवाल्याची किंमत तो गेल्यावर कळली. बाबासाहेबांनी तो कामावर असतानाच ती कायद्यात लिहिली.

मुंबईवर शत्रूचा हल्ला झाला नाही. पण शहराच्या तयारीची परीक्षा झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकीन' या दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. अनेकांना वाटले, जपानी आले. मांडवी, मशीद बंदर परिसरात आगी लागल्या, शेकडो माणसे मेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ. पुढे कित्येक महिने हजारो मजूर तिथला ढिगारा उपसत होते. जळालेले धान्य, कुजलेला माल, ढिगाऱ्याखालची प्रेते कुणी काढली असतील, हे आपल्या वाचकाला सांगावे लागत नाही. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. त्या दिवशी या जवानांचे आणि या मजुरांचेही स्मरण व्हावे.

आता आजच्या मॉक ड्रिलकडे परत येऊ. भोंगा तोच आहे, ब्लॅकआउट तोच आहे. नागरी संरक्षणाचा १९६८ चा कायदाही आहे. पण शहराचे मागचे अंगण बदलले आहे काय? बदलले आहे, आणि काही बाबतींत वाईट दिशेने बदलले आहे. मोठ्या शहरांत सफाईचे काम कंत्राटदाराकडे गेले आहे. कंत्राटी कामगाराचे नाव पालिकेच्या पटावर नाही, कित्येकदा ओळखपत्र नाही, विम्याची पावती नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा ठरले, तरी माणसे गटारात उतरून मरतच आहेत. गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सांगावे लागले. शांततेच्या काळात ज्याच्या जिवाची ही किंमत, त्याचे युद्धकाळात काय होईल?

याचे उत्तरही आपण पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये करोना आला. २२ मार्चला टाळ्या-थाळ्या वाजल्या. २५ तारखेपासून देश बंद झाला, आणि लाखो मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन महामार्गांवरून पायी चालू लागले. प्रोमच्या रस्त्याचे ते चित्र अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पुन्हा उभे राहिले. आणि त्याच वेळी सफाई कामगाराला मात्र सांगितले गेले, तू अत्यावश्यक आहेस, तू थांब. अनेकांना सुरुवातीला धड मास्कही मिळाले नाहीत. शत्रू विषाणू असो की विमान, आपल्या शहराची जुनी सवय तशीच आहे.

म्हणून नागरी संरक्षणाच्या तयारीत आमच्या चार साध्या मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक सफाई कामगाराचे, गोदी आणि इस्पितळातल्या प्रत्येक कंत्राटी कामगाराचे नाव नागरी संरक्षणाच्या पटावर लिहा. कंत्राटदाराच्या वहीतले नाव पुरे नाही. दुसरी, निवाऱ्याची आखणी झोपडपट्टी आणि सफाई कामगारांच्या वसाहतीपासून सुरू करा; जिथे तळघर नाही, मोकळे मैदान नाही, तिथे माणसे कुठे जाणार ते आधी कागदावर दाखवा. तिसरी, संकटकाळात ज्याला कामावर थांबण्याची सक्ती कराल त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या भरपाईची हमी आधी कायद्याने द्या, नंतर हुकूम काढा. चौथी, कामगार कामावर थांबला तर त्याच्या बायकामुलांना सुरक्षित जागी नेण्याची पहिली गाडी त्याच्या वस्तीत आली पाहिजे.

आपल्या कार्यकर्त्यांनीही एक काम करावे. आपल्या प्रभागाचा आपत्ती आराखडा आणि नागरी संरक्षणाची योजना पालिकेकडून, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मागून घ्यावी. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागावी. ती घेऊन वस्तीत बसावे आणि ओळीने वाचावी. त्यात आपल्या वस्तीचे नाव आहे काय, निवारा आहे काय, भोंगा ऐकू येतो काय, हे पाहावे. भोंगा वाजल्यावर प्रश्न विचारायला वेळ नसतो. प्रश्न विचारायचा तो शांतता असतानाच.

देशावर संकट आले तर आपला समाज मागे राहणार नाही. महार पलटणीचा इतिहास साऱ्यांना ठाऊक आहे. पण राष्ट्राच्या रक्षणासाठी उभे राहायचे असेल तर राष्ट्रानेही आपल्याला रक्षण करण्याजोगे मानले पाहिजे. रंगूनचे झाडूवाले भित्रे नव्हते. त्यांना कुणी आपले मानले नव्हते, म्हणून ते शहरही त्यांचे झाले नाही, आणि ज्या शहराला कुणी आपले म्हणत नाही ते कोणत्याही तोफेने वाचत नाही. ज्याच्या हातात झाडू दिला आहे त्याच्या डोक्यावर आधी छप्पर द्या. तरच शहर वाचेल.